टाके काढल्यावर कोण विचारतं?

टाके निघाले की आपल्याकडे आपरेशन संपतं. शास्त्राच्या हिशेबात ते तेव्हा संपलेलं नसतं. शस्त्रक्रियेची जखम पिकली की नाही हे ठरवायला जगभर ३० दिवसांची मुदत धरतात, आणि आत जाळी किंवा सळई बसवली असेल तर त्याहून जास्त. तिसाव्या दिवशी पातूर तालुक्यातला पेशंट कुठे असतो? आलेगावच्या नाहीतर चान्नीच्या शिवारात, अकोल्याच्या सर्जनपासून दूर. नवव्या-दहाव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं म्हणून तो परत अकोल्याला जात नाही. जायचं म्हणजे दोघांचं गाडीभाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. तो गावातल्याच डॉक्टरकडे ड्रेसिंग करून घेतो, पाच दिवसांच्या गोळ्या खातो आणि महिना-दीड महिना कामाला मुकतो. ज्या वॉर्डात त्याचं पोट उघडलं, तिथल्या कागदावर मात्र तो बरा होऊन घरी गेलेला असतो.

अशा हजार कागदांची बेरीज करून कोणी टक्केवारी काढली, तर ती खोटी निघणार. त्यात कोणाची लबाडी नसली तरी खोटी, कारण सुट्टी झाल्यावर पेशंटला कोणी विचारलेलंच नाही.

शस्त्रक्रियेवरचं संशोधन आपल्याकडे होत नाही असं कोणी म्हणू नये. एम.एस. व्हायचं तर प्रबंध लिहावाच लागतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यात जितकी वैद्यकीय महाविद्यालयं पदव्युत्तर शिक्षण देतात, तिथून दर वर्षी या प्रबंधांचे गठ्ठे निघतात. विषय आपल्याच माणसांच्या दुखण्यांचे असतात: अपेंडिक्स, हर्निया, मधुमेह्याचा सडलेला पाय, आतड्याला पडलेलं छिद्र, पित्ताशयातले खडे. एकाच रुग्णालयातले पन्नास-शंभर पेशंट, दीड-दोन वर्षांचं काम. लिहिणारा निवासी डॉक्टर रात्र-रात्र कॅज्युअल्टीत उभा राहून, मधल्या वेळात केसपेपर चाळून ते पूर्ण करतो. त्याला बोल लावायचा नाही. बोल लावायचा तो पुढच्या रिवाजाला. प्रबंध बांधून घेतला जातो, परीक्षा होते, आणि तो विभागाच्या कपाटात जातो. ज्या तालुक्यांतून ते शंभर पेशंट आले होते, तिथल्या एकाही दवाखान्यात त्याचा निष्कर्ष पोचत नाही. आणि बहुतेक ठिकाणी अभ्यास वॉर्डाच्या दारात थांबतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? सुट्टीनंतरची नोंद नसेल तर प्रबंधात ती कुठून उतरेल?

तीस दिवस चिकाटीनं मागे लागलं तर काय हाती येतं, ते २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. चीता नावाची चाचणी. भारत, घाना, नायजेरिया, बेनिन, रवांडा, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको या सात देशांतली ८१ रुग्णालयं, पोटाच्या शस्त्रक्रियेचे १३,३०१ पेशंट. भारतातलं मुख्य केंद्र लुधियानाचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. प्रश्न कोणत्याही नर्सला कळेल असा होता: पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि शिवायची औजारं निर्जंतुक केलेली, वेगळी घेतली, तर फरक पडतो का? पडतो. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या १८.९ जखमा पिकल्या. हातमोजे आणि औजारं बदलली तिथे १६. म्हणजे दर चौतीस-पस्तीस पेशंटांमागे एकाचं पोट पिकायचं वाचलं. खर्च हातमोज्यांच्या काही जोड्यांचा आणि औजारांच्या एका जादा संचाचा.

यातला पहिला आकडा पुन्हा वाचा. १८.९. संसर्गाची भीती असलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियांत जवळजवळ पाचातली एक जखम पिकली, आणि तीही मोजणारा माणूस शेजारी उभा असताना. तेव्हा अशाच शस्त्रक्रियांबद्दल एखाद्या रुग्णालयानं ‘आमच्याकडे दोनच टक्के’ असं सांगितलं, तर त्याला एकच विचारायचं: तिसाव्या दिवशी किती पेशंटांना गाठलं होतं?

त्याआधी २०२१ साली याच संशोधकांची फाल्कन नावाची चाचणी आली होती. ५४ रुग्णालयं, ५,७८८ पेशंट. कातडी पुसायला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन बरं की आपलं नेहमीचं पोव्हिडोन आयोडीन? ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेला धागा बरा की साधा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशी क्लोरहेक्सिडीन आणि लेपाचा धागा यांच्या बाजूनं होत्या. चाचणीत कोणताच फरक निघाला नाही. लहान गावातल्या नर्सिंग होमला याचा अर्थ लगेच कळायला हवा. उद्या कंपनीचा माणूस चकचकीत पत्रक घेऊन लेपाचा धागा विकायला आला, तर त्याला चहा पाजून साधा धागा वापरायचा, आणि वाचलेला पैसा हातमोज्यांवर घालायचा. हे दोन निष्कर्ष शेजारी-शेजारी ठेवले की गरिबाच्या शस्त्रक्रियेचं अंदाजपत्रक तयार होतं. पण ते शेजारी ठेवून दाखवायला तालुक्याला कोणी येत नाही.

असं संशोधन करायला लुधियाना किंवा इंग्लंडच लागतं, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याकडे बघावं. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्निया म्हणजे अंतर्गळ हा ओझी उचलणाऱ्यांचा आजार. मोंढ्यातल्या हमालाचा, पोती वाहणाऱ्या सालदाराचा. तो नीट दुरुस्त करायचा तर आत जाळी बसवावी लागते, आणि कंपनीची जाळी मजुराच्या आवाक्याबाहेर. टोणगावकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, ते निर्जंतुक करून वापरलं, आणि इथेच न थांबता वेगवेगळ्या ठिकाणच्या पेशंटांचं पुढे काय झालं ते नोंदवून २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये छापलं. शहरातल्या बड्या सर्जनांना कापडाची युक्ती सुचली नसती असं मी म्हणत नाही. पण ती गरज त्यांच्या टेबलावर रोज येत नव्हती. दोंडाईच्यात रोज येत होती.

पुढे स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी याच कल्पनेची काटेकोर चाचणी घेतली. पूर्व युगांडातले ३०२ पुरुष, अर्ध्यांना साधारण १ डॉलरची मच्छरदाणीची जाळी, अर्ध्यांना १२५ डॉलरची कंपनीची. कोणाला कोणती, ते चिठ्ठीनं ठरलं. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, महागड्या गटात कोणाचाच नाही. त्रास दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. २०१६ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं ते छापलं, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय हर्निया मार्गदर्शिकेनं साधनं कमी असलेल्या ठिकाणांसाठी अशी जाळी मान्य केली. इथे एक गोष्ट ठळक सांगतो. बाजारातली कोणतीही मच्छरदाणी कापून पोटात घालायची ही गोष्ट नव्हे. कापडाचा प्रकार, त्याची वीण, १२१ अंशावर करायचं निर्जंतुकीकरण, सगळं तपासलेलं असावं लागतं. जास्त तापमानाला ते कापड आखडतं. म्हणून तर चाचणी लागते.

दोंडाईचा ते युगांडा या वाटेला तेरा वर्षं लागली. दोंडाईचा ते पातूर ही वाट नकाशावर कितीतरी जवळची आहे. तरी हर्नियाच्या कितीतरी पेशंटांच्या नातेवाइकांच्या हातात अजून जाळी आणायची चिठ्ठी पडते आणि ते मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून उधारीची जुळवाजुळव करतात. सरकारी खरेदीच्या यादीत तपासलेली, प्रमाणित स्वस्त जाळी का नसावी, हा प्रश्न अकोल्याच्या, वाशिमच्या, अमरावतीच्या प्रत्येक आमदारानं विधानसभेत विचारावा असा आहे. सगळा पुरावा छापील आहे आणि त्याची सुरुवात मराठी मुलखात झालेली आहे.

आता तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे येतो, कारण पातूरच्या बसस्टँडवर उभं राहून शस्त्रक्रियेबद्दल बोलायचं आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायचं नाही, हे होऊच शकत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ एक चाचणी चालली. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. अशा पेशंटची तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसीकाग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की वाट बघावी आणि गाठ दिसली तरच पुन्हा शस्त्रक्रिया करावी? यावर सर्जन मंडळींत कित्येक दशकं वाद चालू होता. दोन्ही बाजूंना मोठी नावं होती, पुरावा कोणाकडेच पुरेसा नव्हता. पहिल्या ५०० पेशंटांचा हिशेब मांडला आणि वाद मिटला. त्याच वेळी मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. दर आठ शस्त्रक्रियांमागे एक जीव. २०१५ साली हे ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं आणि जगातल्या सर्जनांना त्याची दखल घ्यावी लागली.

हे उत्तर मुंबईच्या परळमध्ये सापडलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. ‘वाट बघू’ हा सल्ला ज्याच्या घरापासून रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, त्याला परवडतो. पातूरहून मुंबईला तपासणीसाठी वारंवार जाणं म्हणजे रेल्वेचं रिझर्व्हेशन, धर्मशाळेतली जागा आणि सोबतीला सुट्टी मिळालेला एक नातेवाईक. वाट बघणाऱ्या गटात मानेतला कॅन्सर परत दिसला तेव्हा तो बऱ्याच जणांत पुढच्या टप्प्याला गेलेला होता, आणि तेही नियमित बोलावून तपासत असताना. न बोलावलेल्यांचं काय होत असेल? ज्यांच्या घरात तोंडात बरा न होणारा छाला घेऊन कोणी बसलेलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरला सरळ विचारावं: मानेचं काय करणार, आत्ताच की नंतर? हा प्रश्न विचारायचा हक्क याच चाचणीतल्या शेकडो पेशंटांनी आपल्याला मिळवून दिला आहे.

त्याच टाटातलं दुसरं काम मी दोन ओळींत सांगतो. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून पाहिलं, तेच भुलीचं औषध जे दात काढताना वापरतात. २०२३ साली छापलेल्या निकालात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. इतक्या स्वस्त औषधावर कोणतीही कंपनी पैसा लावत नाही. तो सार्वजनिक पैशांतूनच यावा लागतो.

निदानाची गोष्ट उपचाराहून अवघड. रात्री अकराला चौदा वर्षांच्या पोराच्या पोटात दुखतं. आई म्हणते, “बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे दुखून राह्यलं.” सोनोग्राफी करणारा या वेळी नाही. आल्फ्रेडो अल्वाराडो नावाच्या सर्जननं १९८६ साली अमेरिकेत ३०५ पेशंटांचा अभ्यास करून अशाच रात्री अपेंडिक्स ओळखण्यासाठी दहा गुणांची एक पट्टी मांडली. दुखणं सरकलं का, भूक गेली का, उलटी-मळमळ आहे का, उजव्या कुशीत दाबल्यावर दुखतं का, हात पटकन काढल्यावर दुखतं का, ताप आहे का, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का, त्यांचा प्रकार बदलला का. हात, कान, थर्मामीटर आणि साधी रक्ततपासणी. त्या आईनं दारातच पट्टीतला पहिला गुण सांगून टाकलेला असतो. ही पट्टी दर वेळी अचूक ठरते असं नाही, लहान मुलांत आणि बायकांत ती फसतेही. पण कोणाला लगेच अकोल्याला धाडायचं आणि कोणाला सकाळपर्यंत नजरेखाली ठेवायचं, हे ठरवायला गावच्या डॉक्टरला तिचा आधार होतो.

अलीकडे मोबाइलवर एक बातमी फिरते: अपेंडिक्सला आपरेशन लागतच नाही, अँटिबायोटिकनं बरं होतं. अर्धी खरी आहे. २०२० च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १,५५२ जण होते. औषधावर ठेवलेल्यांपैकी दहातल्या तिघांचं ९० दिवसांच्या आत आपरेशन करावंच लागलं. फिनलंडमधल्या चाचणीत पाच वर्षांत ३९ टक्क्यांचं दुखणं परतलं. तिथल्या पेशंटांचं निदान आधी सीटी स्कॅननं पक्कं केलेलं होतं. सीटीशिवाय, डोंगराच्या कडेच्या गावातल्या पोराला गोळ्या देऊन घरी पाठवणं आणि पहाटे त्याचं अपेंडिक्स फुटणं, या दोन्हींमध्ये फक्त एका नादुरुस्त रस्त्याचं अंतर असतं. तिथला निष्कर्ष इथे चालतो का, हे इथेच तपासावं लागेल. अकोल्यातल्या एखाद्या निवासी डॉक्टरनं हा विषय घेतला आणि पेशंटचं गाव, रुग्णालयापर्यंतचे तास, वाटेतले दवाखाने आणि तिसाव्या दिवसाची हकीगत एवढं नोंदवलं, तर ते काम पातूर, बार्शीटाकळी, तेल्हारा आणि मेळघाटालाही उपयोगी पडेल. फिनलंड ते काम आपल्यासाठी करणार नाही.

तिसाव्या दिवशी विचारणार कोण, या प्रश्नाचंही उत्तर विदर्भानंच एकदा दिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. आज पातूर तालुक्यातली आशा बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. सिझर झालेल्या बाईची जखम तिच्या डोळ्यांसमोर असते, तिसाव्या दिवसाच्या आधीही आणि नंतरही. ती बघून, दोन रकाने भरून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाला कळवण्याची सोय केली तर सिझरच्या जखमांचा खरा आकडा वर्षभरात कळेल. पण हे काम तिच्यावर फुकट लादायचं नाही. मूळ योजनेत सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरले होते. तिच्या माथ्यावर आधीच इतक्या नोंदवह्या आहेत की आणखी एक द्यायची तर पैसे आधी ठरवा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचं पॅकेज सुट्टीनंतरच्या १० दिवसांपर्यंतच्या उपचारांना धरून असतं. आपरेशनच्या आधीचे-नंतरचे कागद पोर्टलवर चढवल्याशिवाय रुग्णालयाला पैसे मिळत नाहीत. म्हणजे सरकारकडे यंत्रणा आहे आणि सक्ती करायची ताकदही आहे. पैशाचा शेवटचा थोडा भाग तिसाव्या दिवसाच्या नोंदीला बांधावा. रुग्णालयं फोन करू लागतील.

संमतीबद्दल थोडं. आपरेशनची संमती आणि संशोधनाची संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. कळवळणाऱ्या माणसाच्या बायकोसमोर पाच कागद सरकवून पाच सह्या घेतल्या तर ती संमती होत नाही. “तुमच्या नवऱ्याची माहिती अभ्यासात वापरू का, नाही म्हटलं तरी इलाज तोच होईल,” हे वाक्य तिच्या भाषेत बोलायला अर्धं मिनिट लागतं. आणि अभ्यास संपल्यावर काय निघालं ते त्या घराला सांगायचं. त्यांच्या शरीरावरून शिकलात, तर शिकलेलं त्यांना कळलं पाहिजे.

तिसाव्या दिवशी फोनवर विचारायला चार प्रश्न पुरतात. जखमेतून पाणी किंवा पू आला का? ताप आला का? दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं का, आणि किती खर्च झाला? कामाला कधी लागलात? फोन संध्याकाळी सातनंतर करायचा, दिवसा माणूस वावरात असतो. आणि भरती करतानाच केसपेपरवर दोन नंबर लिहून घ्यायचे, कारण पहिला नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यात कंपनीत असतो. दुसरा गावातल्या आशाताईचा घ्या.